डंबेल घ्यायच्या आधी लटकायची सोय बघा : घरच्या घरी वरच्या अंगाची ताकद कशी सुरू करायची

दर दोन-तीन महिन्यांनी ओळखीतलं कुणीतरी विचारतं, व्यायाम सुरू करायचाय, दंड-खांदे जरा भरायला हवेत, डंबेल किती किलोचे घेऊ? आणि मी दरवेळी उलट विचारतो की घरात लटकायला काय आहे. समोरचा जरा थांबतो, कारण त्याने डंबेलचा रंग, किंमत, ऑफर सगळं बघून ठेवलेलं असतं, लटकायचा विषय डोक्यातच नसतो. पण नवीन माणसाने सगळ्यात आधी हेच बघावं असं माझं ठाम मत आहे आणि खाली जे काही लिहिलंय ते सगळं त्याच्यावरच उभं आहे.

कारण सांगतो. वरच्या अंगाची कामं ढोबळमानाने दोन, ढकलणं आणि ओढणं. ढकलायला काही विकत घ्यावं लागत नाही, जमीन आहे, भिंत आहे, किचनचा ओटा आहे, मारा जोर. ओढायला मात्र वर किंवा समोर काहीतरी घट्ट बांधलेलं लागतं आणि ते घरात नसतं. मग होतं काय की घरी व्यायाम करणारा जोर मारतो, डंबेल डोक्यावर ढकलतो, आरशासमोर उभं राहून दंडाच्या बेटकुळ्या काढतो आणि पाठ तशीच राहते. त्यात दिवसभर लॅपटॉप, मोबाईल, टू-व्हीलर, खांदे आधीच पुढे आलेले. मी स्वतः कॉलेज संपल्यावर दोन वर्षं नुसते जोर आणि बेंच प्रेस (बाकावर उताणं पडून छातीवरून रॉड वर ढकलणं) केले, नंतर डाव्या खांद्याच्या पुढच्या बाजूला असं दुखायला लागलं की शर्टाच्या बाहीत हात घालताना कळ यायची. फिजिओथेरपिस्टने जे व्यायाम दिले ते जवळपास सगळे ओढण्याचे. चार महिने गेले त्यात, ते तुमचे जाऊ नयेत म्हणून एवढं लिहायला बसलोय.

दादरला शिवाजी पार्कच्या समर्थ व्यायाम मंदिरात दोरीच्या मल्लखांबावर चढणारी पोरं-पोरी कधी जवळून बघा. दंड काही फार जाड नसतात, पण पाठ आणि खांदे बघा, कारण सगळा व्यायामच स्वतःचं अंग वर ओढण्याचा. आपल्याला मल्लखांब करायचा नाहीये पण त्यातली ही गोष्ट उचलायची आहे.

पहिलं काम : आपण कुठे आहोत ते बघा

एक वही घ्या, मोबाईलमधली नोट पण चालेल पण वही बरी. भिंतीला पाठ, डोकं आणि ढुंगण टेकून उभे राहा, टाचा भिंतीपासून वीतभर पुढे. आता दोन्ही हात सरळ ठेवून समोरून वर न्या आणि अंगठे डोक्यावर भिंतीला लागतात का बघा, कंबर भिंतीपासून सुटून कमान न करता. लागत नसतील तर सध्या डोक्यावर वजन ढकलायचा व्यायाम तुमच्यासाठी नाही, आधी महिनाभर ओढणं आणि लटकणं. मग जोर किती निघतात ते मोजा, अंग सरळ ठेवून, अर्धवट नाही. शून्य निघाले तर शून्य लिहा, त्यात काही बिघडत नाही. आणि कुठे बार मिळाला तर किती सेकंद लटकता येतं ते लिहा.

ब्लडप्रेशर आहे, हृदयाचं काही आहे, खांदा पूर्वी निखळलाय, हर्निया आहे, गरोदर आहात किंवा नुकतीच डिलिव्हरी झालीये, तर डॉक्टरांना विचारूनच सुरू करा. डायबिटीस असलेल्यांनी आणखी एक लक्षात ठेवा, फ्रोझन शोल्डर त्यांच्यात जास्त होतो, साधारण ४० ते ६० वयात. हात हळूहळू वर जायचाच बंद होत असेल, मागे पाठीकडे नेता येत नसेल तर तो व्यायामाने ‘मोकळा करायला’ जाऊ नका, आधी दाखवून या.

दुसरं काम : लटकायची जागा

इथे जरा वेळ काढतो कारण लोक इथेच फसतात.

सगळ्यात स्वस्त म्हणजे फुकट. जवळच्या बागेत ओपन जिम असेल तर तिथे जा. तिथली बसून ओढायची-ढकलायची जी रंगीत मशीन असतात त्यात वजन वाढवता येत नाही, थोड्या दिवसांत ती हलकी पडतात, त्यामुळे त्यांच्यात अडकू नका. तिथे उभा-आडवा पाइप, सिंगल बार, डबल बार असेल तर तो तुमचा. लहान मुलांच्या खेळायच्या जागेत कमरेएवढ्या उंचीचा आडवा पाइप असतो तो तर नवशिक्याला सोन्यासारखा, का ते पुढे येईल. फक्त आधी हलवून बघा, पायथ्याशी गंजलाय का बघा.

घरात लावायचा बार दोन-तीन प्रकारचा येतो. एक चौकटीवर अडकवायचा, त्याला मागे आधार घ्यायला दाराच्या वर बाहेर आलेली लाकडी पट्टी लागते आणि आपल्याकडच्या बहुतेक घरांत चौकट भिंतीच्या लेव्हललाच असते, त्यामुळे तो नीट बसतच नाही. व्हिडिओत छान दिसतो म्हणून मागवू नका. दुसरा चौकटीच्या दोन बाजूंमध्ये फिरवून आवळायचा, नुसत्या घर्षणावर टिकणारा. हा मी वापरलाय. तिसऱ्या आठवड्यात पुलअप (बारला लटकून हनुवटी बारच्या वर नेणं) काढताना एक टोक चौकटीवरून दोन बोटं खाली सरकलं आणि मी बारसकट खाली, नशीब पाय जमिनीच्या जवळ होते, टाचेवर निभावलं. नंतर बघितलं तर चौकटीला नुकताच ऑइल पेंट मारलेला, गुळगुळीत, रबराला पकडायला काही नाही. असा बार घ्यायचाच असेल तर दोन्ही टोकांखाली स्क्रूने बसणाऱ्या वाट्या असलेला घ्या, वाट्या खऱ्या लाकडी चौकटीतच बसवा, आणि दर वेळी लटकायच्या आधी एक झटका देऊन बघा.

तिसरा भिंतीला फास्टनरने, म्हणजे भोकात आतून फुलून पकडणाऱ्या बोल्टने बसवायचा. हा सगळ्यात उत्तम, पण भिंत कसली आहे ते कळल्याशिवाय भोक पाडू नका. आरसीसीचा बीम किंवा कॉलम असेल तर निर्धास्त. जुनी नऊ इंची विटांची भिंत असेल तरी माहितगार माणसाकडून लांब फास्टनर घालून काम होतं. चार इंची पार्टिशनची भिंत, नाही. आणि नवीन बिल्डिंगमध्ये जे हलके राखाडी ब्लॉक वापरतात, ज्यात ड्रिल लोण्यासारखं घुसतं, त्यात साधा फास्टनर वजन धरत नाही, हळूहळू सैल होऊन प्लास्टरसकट बाहेर येतो. ड्रिलवाल्याला स्पष्ट सांगा की याच्यावर माणूस लटकणार आहे, नाहीतर तो टीव्हीच्या स्टँडसारखं समजून मोकळा होईल.

आता माझी सगळ्यात आवडती सोय. तुमच्या घरी झोपाळ्याच्या कड्या आहेत का? हॉलमध्ये, बाल्कनीत, गावच्या घरी पडवीत? स्लॅब टाकतानाच सळईला अडकवून सोडलेल्या कड्या असतील तर त्यांनी दोन-तीन माणसांचा झोपाळा वर्षानुवर्षं पेललेला असतो, त्या तुम्हालाही पेलतील. झोपाळा उतरवा आणि त्या कड्यांना जिम्नॅस्टिक रिंग्ज टांगा. लाकडी रिंग्ज घ्या, घामाने सटकत नाहीत, जाडी २८ किंवा ३२ मिलिमीटर, हात लहान असेल तर २८. सोबत पट्टा आणि बक्कल येतं, त्यामुळे उंची कमीजास्त करता येते आणि हाच याचा मोठा फायदा, कारण एकाच साधनावर आजी पण ओढू शकते आणि पैलवान पण. कड्यांमधलं अंतर झोपाळ्याएवढं म्हणजे बरंच जास्त असेल तर दोन्ही पट्टे एकाच कडीला बांधले तरी चालतं, किंवा वर एक मजबूत आडवा पाइप बांधून घ्या. नंतर ड्रिल करून बसवलेल्या हुकावर मात्र बसवणाऱ्याला विचारल्याशिवाय भरवसा ठेवू नका, आणि पंख्याच्या हुकाला हात लावायचा नाही म्हणजे नाही.

यातलं काहीच जमत नसेल तर रेझिस्टन्स बॅण्ड, म्हणजे ताणून ओढायचा रबरी पट्टा. लांब गोल लूपवाला घ्या, साधारण ४१ इंची येतो तो, एक हलका एक मध्यम. दारात अडकवायचा अँकर वापरणार असाल तर दार ज्या बाजूने ढकलून उघडतं त्या बाजूला उभे राहा, म्हणजे तुम्ही ओढाल तसं दार चौकटीत आणखी घट्ट बसेल, आणि कडी लावून टाका. खिडकीच्या ग्रिलच्या धारदार पट्टीला बॅण्ड बांधू नका. उन्हात ठेवलेला बॅण्ड चिरतो, आणि चिरलेला बॅण्ड ताणलेला असताना तुटला तर थेट डोळ्यावर येतो, म्हणून दर वेळी बोटांमधून फिरवून बारीक भेगा बघायच्या आणि दिसली की टाकून द्यायचा, जीव गुंतवायचा नाही त्यात.

तिसरं काम : खवाटे ताब्यात घ्या

साधन आलं, आता लगेच ओढायला धावू नका. खवाटे म्हणजे पाठीवरची ती दोन पाती, वरच्या अंगाचा सगळा खेळ त्यांच्यावर आहे, आणि नवीन माणसाला ती आहेत हेच जाणवत नसतं.

आमच्या गावच्या तालमीत वस्ताद हे एका बोटाने शिकवायचे. मी नववीत असेन, रस्सा ओढत होतो, नुसता हाताने, मान खांद्यात घुसलेली. वस्ताद मागून आले, त्यांनी माझ्या दोन खवाट्यांच्या मधोमध आपलं बोट ठेवलं आणि म्हणाले, “हे बोट चिमटीत धर. हातानं नाही, पाठीनं. धर की!” मी बराच वेळ नुसती मान हलवत राहिलो. मग एकदा काहीतरी झालं, खवाटे मागे आले आणि बोट दाबलं गेलं, लगेच म्हणाले, “आत्ता. आता ओढ.” आणि तोच रस्सा हलका वाटला. अजूनही कुणाला शिकवायचं तर मी हेच करतो, मागे उभा राहून बोट ठेवतो. घरात कुणालाही सांगा ठेवायला.

तर पहिले दोन आठवडे हे करा. बारला लटका, पाय स्टुलावर टेकलेले असले तरी चालतील, हात सरळ. आता कोपर न वाकवता फक्त खांदे कानापासून खाली ओढा, अंग इंचभर वर येईल, दोन सेकंद थांबा, सोडा. असे ८-१०. आणि जोराच्या पोझिशनमध्ये हात सरळ ठेवून छाती खांद्यांच्या मध्ये खाली जाऊ द्या, मग जमीन ढकलून पाठ वर गोल करा. हे पण ८-१०. दिसायला काहीच नाही, पण खांदा वाचवणारं हेच काम आहे.

इथे एक गफलत होते ती सांगून ठेवतो. ‘खवाटे मागे आणि खाली’ हे वाक्य लोक सगळ्याच व्यायामाला लावतात. ओढताना बरोबर. बेंचवर पाठ टेकून ढकलताना पण बरोबर. पण जोर मारताना खवाटे मोकळे फिरू द्यायचे असतात, आणि हात डोक्यावर नेताना तर ते वर-बाहेर फिरलेच पाहिजेत, तिथे जबरदस्तीने खाली दाबून धरलेत तर खांद्यात अडकल्यासारखं होणार.

चौथं काम : मोजके व्यायाम, नीट

*रिंग रो किंवा आडव्या पाइपचा रो.* रो म्हणजे अंग किंवा वजन हाताने ओढायचा व्यायाम. नवीन माणसाने एकच व्यायाम करायचा ठरवला तर मी हा सांगेन. रिंग्ज कमरेच्या जरा वर, दोन्ही हातात धरून मागे कला, टाचा जमिनीवर, अंग डोक्यापासून टाचेपर्यंत एक फळी. आधी खवाटे, मग कोपरं मागे, रिंग्ज बरगड्यांच्या खालच्या बाजूला येईपर्यंत. छातीने रिंग्जकडे जायचं, हनुवटी पुढे काढून नाही. वर एक सेकंद थांबा, येताना तीन सेकंद घ्या. जड वाटलं तर पाय मागे घेऊन उभे व्हा, हलकं वाटलं तर पाय पुढे सरकवून आडवे व्हा. बागेतला कमरेएवढा पाइप म्हणूनच सोन्यासारखा, त्याच्या खाली आडवं होऊन हेच करता येतं. माझ्या आईने ६१ व्या वर्षी बाल्कनीच्या झोपाळ्याच्या कड्यांवर हा व्यायाम जवळजवळ उभ्यानेच सुरू केला, आज ती चांगली तिरकी होते, आणि वरच्या फळीवरचा कुकर आता मला हाक न मारता काढते.

*जोर.* तालमीतला अस्सल जोर म्हणजे ढुंगण वर, मग छाती जमिनीलगत पुढे नेऊन वर काढायची, सुंदर व्यायाम आहे पण खांद्याला आणि कंबरेला नवीन असताना जरा भारी पडतो. सुरुवात सरळ फळीच्या पुशअपने करा. इथे थोडा हिशोब बघा. जमिनीवरच्या पुशअपमध्ये हातांवर अंगाच्या वजनाचा जवळपास ६५ टक्के भार येतो, म्हणजे ७० किलोचा माणूस ४५ किलो ढकलतोय. गुडघे टेकले की साधारण निम्मा. हात दोन फूट उंच वस्तूवर ठेवले की ४० टक्क्यांच्या आसपास. म्हणजे ज्याला एकही जोर निघत नाही त्याने आधी किचनच्या ओट्यावर हात टेकून करावेत, मग पलंगाच्या कडेवर, मग जमिनीवर. गुडघे टेकण्यापेक्षा मला हाच रस्ता पटतो, कारण अंग पूर्ण सरळ ठेवायची सवय पहिल्या दिवसापासून लागते. कोपरं दोन्ही बाजूंना टी सारखी बाहेर काढू नका, वरून बघितलं तर बाणाच्या टोकासारखा आकार दिसला पाहिजे, साधारण ४५ अंश. मनगट दुखत असेल तर डंबेलच्या दांड्या धरून मारा, षटकोनी डंबेल असेल तरच, गोल लोळतो.

*एका हाताचा डंबेल रो.* एक हात बेंचवर किंवा पलंगावर टेकवा, पाठ सपाट, दुसऱ्या हातातलं डंबेल काखेकडे ओढू नका, पँटच्या खिशाकडे ओढा. हा एक शब्द बदलला की व्यायाम दंडातून पाठीत जातो.

*डोक्यावर ढकलणं.* भिंतीची टेस्ट पास झाल्यावरच. उभ्याने, कुल्ले आवळून, बरगड्या खाली. वजन वर गेलं की दंड कानाजवळ. कंबर मागे वाकायला लागली म्हणजे वजन जास्त आहे, मग कितीही इच्छा असली तरी कमी करायचं.

*बाजूला हात उचलणं.* दोन ते चार किलो पुष्कळ झालं. खांद्याच्या उंचीपर्यंतच, झुलवायचं नाही.

बेटकुळ्या म्हणजे बायसेप कर्ल शेवटी, आवड म्हणून दोन सेट (सेट म्हणजे न थांबता सलग काढलेली एक फेरी), करा की. पण दंडाचा जवळपास दोन तृतीयांश भाग मागचा ट्रायसेप असतो आणि तो जोरातून तयार होतो, आणि बायसेप रो मध्ये राबतच असतो.

श्वासाचं सोपं आहे, जोर लावताना सोडायचा, परत येताना घ्यायचा. बीपीवाल्यांनी दम कोंडून ओढायचं नाहीच.

मुद्गल किंवा जोडी फिरवावी का असं पण विचारतात. तालमीतला हा खांद्याचा व्यायाम मला फार जवळचा आहे. इंग्रजांनी तो इथून उचलून नेला आणि पुढे १९०४ आणि १९३२ च्या ऑलिंपिकमध्ये क्लब फिरवायची स्पर्धा पण झाली. पण मुद्गल डोक्यामागून फिरतो तेव्हा खांदा पूर्ण उघडतो, म्हणून तीन महिने पाया घाला, मग दोन-तीन किलोचा एकच घेऊन मोकळ्या मैदानात जाणत्या माणसासमोर शिका. फ्लॅटमध्ये नको, हातातून सुटला तर टीव्ही जाईल किंवा कुणाचं डोकं.

पाचवं काम : आता डंबेल

हे पाचव्या नंबरला मुद्दाम ठेवलंय. फिक्स वजनाची जोडी घेतली तर दोन महिन्यांत ती हलकी पडते आणि पुढची जोडी घ्यावी लागते. त्यापेक्षा दांडी आणि प्लेट वेगळ्या असलेला सेट घ्या, १४ इंची दोन दांड्या, आणि प्लेट घेताना मोठ्या कमी आणि लहान जास्त. हे नीट समजून घ्या. पाच किलोवरून साडेसातवर गेलात तर ती वाढ दीडपट आहे, खांद्याच्या व्यायामाला ती झेपत नाही आणि तिथे फॉर्म बिघडतो. अर्धा किलो, एक किलो, सव्वा किलोच्या प्लेट असतील तर तुम्ही पाचवरून सहावर जाल. दुकानदार अडीच आणि पाचच्या प्लेट पुढे करतो, तुम्ही लहान मागा.

लोखंडी, रबरी की पीव्हीसी? पीव्हीसीच्या आत सिमेंट-वाळू भरलेली असते, स्वस्त पडते, पण प्लेट जाड होते आणि आपटली तर चिरते. दोन प्लेटवर एकच आकडा असला तरी वजन सारखं असेलच असं नाही, एकदा रद्दीवाल्याच्या काट्यावर टाकून बघा आणि खडूने खरं वजन लिहून ठेवा. लोखंडी टिकते, कोकणात किंवा मुंबईच्या पावसाळ्यात गंज धरते, महिन्यातून एकदा मशीन ऑइलचा फडका मारायचा. लॉक स्प्रिंगचा न घेता आटे असलेला फिरकीचा घ्या, आणि दर दोन सेटनंतर हाताने आवळा, तो सैल होतोच. खाली जाड रबर मॅट हवी, टाइल फुटते आणि खालच्या मजल्यावरच्यांचं डोकं पण दुखतं.

सेट यायच्या आधी सॅक वापरा. किराण्यातली पाच किलोची आट्याची पिशवी सॅकमध्ये घट्ट बसवली की एका हाताच्या रो साठी उत्तम वजन तयार, आणि आकडा पण खात्रीचा.

बेंच घेताना त्यावर आडवे होऊन दोन्ही बाजूंना हला, डुगडुगला तर सोडा. लांब रॉड आणि बेंच प्रेस घरी एकट्याने मी सांगणार नाही. रॉड छातीवर अडकला तर उचलायला कुणी नसतं. डंबेल असेल तर बाजूला सोडून देता येतं. जिममध्ये रॉडवर जाल तेव्हा लक्षात ठेवा की स्पर्धेचा पुरुषांचा मोकळा रॉडच २० किलोचा असतो, बायकांचा १५ चा, पहिले दिवस तेवढाच पुरे. अंगठा रॉडला पूर्ण गुंडाळलेला हवा, आणि बाजूला स्पॉटर म्हणजे रॉड अडकला तर उचलायला उभा माणूस, किंवा खाली सेफ्टीचे दांडे.

सहावं काम : आठवडा कसा लावायचा

आठवड्यात दोन दिवस चालतील, तीन बरे, सलग नकोत. सोम-बुध-शनि म्हणा. जागतिक आरोग्य संघटना पण मोठ्या माणसांना आठवड्यात किमान दोन दिवस स्नायूंच्या ताकदीचा व्यायाम सांगते. प्रत्येक वेळी पाच मिनिटं हात फिरवणं आणि लटकणं, मग रो ३ सेट, जोर ३ सेट, एका हाताचा रो २ सेट, डोक्यावर ढकलणं २ सेट, शेवटी बाजूचे हात किंवा कर्ल. रो ला प्रत्येक सेटनंतर दोन मिनिटं बसा, घाई नको. बघितलंत तर ओढण्याचे पाच सेट आणि मोठ्या ढकलण्याचे पाच, आणि ज्यांचे खांदे पुढे आलेत त्यांनी रो चे आणखी दोन वाढवावेत.

प्रत्येक सेट ८ ते १२. अजून दोन निघाले असते असं वाटतं तिथे थांबायचं, जीव जाईपर्यंत नाही. सगळ्या सेटला १२ नीट निघायला लागले की वजन थोडं वाढवा किंवा पाय पुढे सरकवा, परत ८ वर या, आणि चढा. वहीत लिहा. पहिल्या सहा-आठ आठवड्यांत आकडे पटापट वाढतील पण आरशात फार काही दिसणार नाही, कारण आधी नसा शिकतात, मांस नंतर भरतं. आणि कंडरा म्हणजे स्नायू हाडाला बांधणारे दोर स्नायूपेक्षा हळू तयार होतात, म्हणून ताकद आली असं वाटलं तरी उड्या मारायच्या नाहीत. बायका विचारतात की हात पुरुषी होतील का, नाही होत, तेवढं मांस चढवायला वर्षानुवर्षं वेगळीच मेहनत लागते. उलट पाळी थांबल्यावर हाडं ठिसूळ होतात तेव्हा ओढलेलं-उचललेलं कामाला येतं.

खाण्याचं एवढंच, दोन्ही जेवणात डाळ-उसळ, दही, अंडी, पनीर, मासे यातलं काहीतरी ठळकपणे असू दे.

दुखलं तर

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी स्नायू ठणकतो, दाबला की दुखतो, तीन-चार दिवसांत जातो, तो चालेल. सांध्यात टोचणारी कळ, खांद्याच्या टोकावर रात्री झोपू न देणारं दुखणं, हातात मुंग्या, हे चालणार नाही, थांबा आणि दाखवा. छातीत दाब, जबड्याकडे किंवा हाताकडे जाणारं दुखणं, घाम, तर लगेच हॉस्पिटल. आणि एक फार कमी लोकांना माहीत असलेली गोष्ट, पैजेवर पहिल्याच दिवशी दोनशे जोर मारून दुसऱ्या दिवशी लघवी काळपट कोलासारखी झाली तर तो स्नायू फुटून किडनीवर ताण आल्याचा इशारा असू शकतो, त्यात घरी पाणी पीत बसू नका, ताबडतोब जा.

पुलअपकडे

रो मध्ये अंग जवळपास आडवं ठेवून १२ निघायला लागले की बारकडे वळा. स्टुलावर चढून हनुवटी बारच्या वर ठेवा, तळवे आपल्याकडे, पाय सोडा आणि पाच सेकंद मोजत खाली या. असे चार-पाच, आठवड्यात दोनदा. लूप बॅण्ड असेल तर बारला अडकवून त्यात गुडघा ठेवा, थोडं वजन तो उचलतो. कुणाला दोन महिने लागतात, कुणाला आठ, वजन जास्त असेल तर अजून. खाली येताना शेवटच्या वीतभरात धपकन सोडू नका, तिथेच खांदा दुखावतो, हात सरळ होईपर्यंत खवाटे धरून ठेवा. बारच्या खाली स्टूल नेहमी तिथेच राहू द्या, उतरताना पाय टेकायला, आणि रिंग्ज असतील तर दर रविवारी बक्कलच्या इथे पट्टा उसवलाय का ते नखाने चाचपून बघा.